बेड ब्याड

छोट्या शेतकऱ्यांना फायद्याची शेती शिकवायचा मला पगार मिळायचा, आणि साताऱ्यातल्या माझ्या गॅलरीत कुंडीतला कढीपत्ता दर उन्हाळ्यात वाळून जायचा. या दोन्ही गोष्टी नोकरीभर एकमेकींच्या शेजारी सुखाने नांदल्या. पाहुणे आले की बायको त्यांना मुद्दाम ती कुंडी दाखवायची आणि म्हणायची, “हे यांचं प्रात्यक्षिक.”

काम काय होतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला वाटायचं मी खतं विकतो. आमची एक संस्था होती. एकर-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांचे गट बांधायचे. काय पिकवलं तर विकेल, पाणी किती लागेल, जमिनीचा कस कसा राखायचा, माल एकत्र करून व्यापाऱ्याशी बोलायचं कसं, हे सगळं त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं. ‘ठरवायचं’ हा आमच्या अहवालातला शब्द. प्रत्यक्षात आम्ही घरून ठरवूनच निघायचो. गावात गेल्यावर ते लोकांच्या तोंडून वदवून घ्यायचं, यालाच आम्ही सहभाग म्हणत होतो.

आमच्या हातात अवजार असं काही नसायचं. असायचे ते शब्द, आणि तेही बरेचदा उलटे धरलेले.

वडूजकडच्या एका गावात आम्ही घेवडा आणि बटाटा पिकवणाऱ्या बायकांचा मेळावा ठेवला होता. त्याला माझ्यासारख्याच कुणीतरी नाव दिलं होतं, ‘मूल्यसाखळी मेळावा’. म्हणजे शेतातून ग्राहकाच्या ताटापर्यंत माल जातो त्या वाटेवर कोण किती फायदा काढतं, ते समजावून सांगायचं. आदल्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून गावभर पुकारा झाला. सकाळी पाहतो तर मांडवात जागा नाही. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या. मी हरखलो. तासभर बोललो. बोलणं संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाय लांब करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “आवं सायेब, माप घ्या. मागनं घट्ट व्हायला नको.”

त्या साखळ्या न्यायला आल्या होत्या. पायातल्या, चांदीच्या.

मी घाम पुसत मूल्यसाखळी म्हणजे काय ते पुन्हा सांगितलं. बाईंनी शांतपणे पाय आवरला. “मंग ती तुमीच घाला,” म्हणाल्या, आणि सगळा मांडव हसत हसत घरी गेला.

त्या दिवशी मी धडा घेतला. मोठे मराठी शब्द वापरायचे नाहीत. छोटे, साधे, लोकांच्या तोंडात बसलेले वापरायचे. धडा चांगलाच होता. त्याने मला जिथे नेऊन टाकलं ती गोष्ट सांगायला मी खरं तर बसलोय. मूल्यसाखळी मी चहाबरोबर कुठेही सांगतो. ही दुसरी गोष्टही मी कितीतरी वर्षं हशा पिकवायला सांगत होतो.

आमच्या छापील पुस्तिकांत ‘गादीवाफा’ असा एक शब्द होता. मी तो काढून टाकला आणि ‘बेड’ म्हणायला लागलो. सगळे शेतकरी तसंच म्हणतात. बेड म्हणजे मातीचा लांबलचक उंच वरंबा. सपाट रानात रोप लावलं तर पाणी मुळाशी साचतं, मुळं गुदमरतात. म्हणून माती ओढून उंच करायची, तिच्यावर रोप लावायचं, वरून ठिबकची नळी टाकायची. ओल उडू नये म्हणून काही जण त्यावर प्लास्टिकचा चकचकीत कागदही अंथरतात. डाळिंबाला हे मानवतं. थोड्या पाण्यात बाग येते. यात काही खोटं नाही. आज विचारलंत तरी मी बेडच करा म्हणेन.

जत तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात, उपसा योजनेचं पाणी तलावात पडायला लागलं होतं. टँकरच्या मागे धावलेलं गाव ते. आता पाणी आलंय तर बागा करू, असा आमचा आराखडा. गावात निम्मी बोली मराठी, निम्मी कानडी. मला कानडी शून्य. म्हणून संस्थेने शिवाप्पा नावाचा तिथलाच एक गडी माझ्या जोडीला दिला होता. तो दोन्ही भाषा सारख्याच वेगाने बोलायचा, आणि माझं लांबलचक भाषण कानडीत दोन वाक्यांत उरकायचा. लोक माझ्यापेक्षा त्याच्या भाषणावर जास्त खूश असत.

दिवाळी होऊन गेली होती. देवळासमोर बैठक बसली. मी चित्रं दाखवली, बेड समजावला, एकेकाला विचारत गेलो. पुरुष माना हलवत होते. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गाड्यावरून भज्यांचा वास आला. मी सकाळपासून उपाशी होतो. शिवाप्पाला म्हटलं, जरा सगळ्यांना भजी घेऊन ये.

म्हणजे दुभाष्याला मी भज्यांसाठी पाठवला. माझ्या साऱ्या कारकिर्दीचा कुणाला एका वाक्यात गोषवारा हवा असेल तर हे वाक्य घ्यावं.

तो गेला आणि मल्लव्वाची पाळी आली. मल्लव्वा म्हणजे साठीच्या आसपासची, काटक, विधवा बाई. तिच्याकडे मेंढरं होती. गावाच्या वरच्या अंगाला तिचं रान. त्यातला थोडा तुकडा ती शाळूला ठेवायची आणि बाकीच्यात काही पेरायची नाही, गवत राखायची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ती पाण्याच्या मुलखाकडे निघायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. तेव्हा चालून चालून खंगलेल्या मेंढ्यांना आणि त्यांच्या कोकरांना ते गवत लागायचं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी माझ्या नकाशावर तिचं रान ‘पडीक’ या रंगात होतं.

तिचा मुलगा बसू तिच्या मागेच उभा होता. पंचविशीचा. मेंढरांमागे चालायचा त्याला कंटाळा आला होता आणि बागेसाठी तो केव्हाचा तयार होता. सातबाऱ्यावर मायलेकांची दोघांची नावं होती, म्हणून मी तिलाही विचारलं. माझ्या मते हा माझा मोठेपणा होता. मी वाकून, अगदी सोप्या शब्दांत, जरा मोठ्याने म्हणालो, “अव्वा, तुम्हाला बेड देऊ?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, “बेड ब्याड.”

मी ऐकलं, बेड बेड.

मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, बघा, पुरुष नुसत्या माना हलवतायत आणि या माउलीने दोनदा मागितला. मी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्या बैठकीने वाजवल्या. मल्लव्वाने सगळ्यांकडे पाहिलं, हात जोडले आणि उठून गेली. दोन-चार दिवसांत मेंढरं घेऊन ती वाटेला लागलीही.

पहिला मान तिचा, म्हणून उन्हाळ्यात ट्रॅक्टर पहिल्यांदा तिच्याच रानात घातला. बसू दिवसभर ट्रॅक्टरमागे पळत होता. बेड सरळ, देखणे झाले. त्यांच्यावर मी हौसेने चंदेरी कागद अंथरून घेतला. उन्हात असं चमकायचं की लांबून तळंच वाटावं.

मल्लव्वा परतली त्या दिवशी मी मुद्दाम तिथे थांबलो होतो. तिचा आनंद मला समोर पाहायचा होता. बांधावर मेंढरं उभी राहिली. ती पुढे आली, एका बेडपाशी उकिडवी बसली, त्या कागदावरून हात फिरवला आणि बसूकडे वळून काहीतरी म्हणाली. मला त्यातलं शेवटचं ‘यल्लैती’ एवढंच नीट ऐकू आलं. मला वाटलं, ‘विलायती’ म्हणतेय. मी हसून म्हणालो, “नाही अव्वा, विलायती नाही, आपल्याकडेच तयार होतो हा कागद.” बसू खाली बघत राहिला. मी तिला बेडजवळ उभी केली आणि फोटो काढला.

तो फोटो पुढे संस्थेच्या कॅलेंडरवर छापला. चंदेरी बेड, त्यापुढे मल्लव्वा, मागे धूसर मेंढरं. फोटोत ती गंभीर दिसते. आम्ही त्याला निर्धार म्हणालो.

आता वाचकांना वाटेल की पुढे बाग जळाली, रोग पडला, सगळं मातीत गेलं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. बाग आली. डाळिंबं चांगली लागली, गटाने एकत्र विकली, व्यापारी बांधावर येऊन माल घेऊन गेले. बसूने पत्र्याच्या जागी पक्कं घर बांधलं, लग्न केलं, मोटारसायकल घेतली. एक वर्ष बागेवर तेल्या रोग पडला, त्यातूनही तो सावरला. आमच्या कामात याहून जास्त यश असत नाही. मेंढरं मात्र पहिल्याच पावसाळ्यात विकावी लागली, कारण परत आल्यावर त्यांना घालायला काही नव्हतं. आमच्या अहवालात त्यालाही चांगला शब्द होता. ‘पारंपरिक व्यवसायातून आधुनिक शेतीकडे.’

आणि मी ती गोष्ट सांगत सुटलो. पलूसच्या द्राक्षवाल्यांना सांगितली, कोरेगावात सांगितली, बँकेच्या साहेबांना जेवताना सांगितली. शेतकऱ्याची तयारी नसते असं कुणी म्हणालं की मी मल्लव्वा काढायचो. तिची नक्कल करायचो, डोक्यावर पदर घेतल्यासारखा हात नेऊन. “बेड! बेड!” हमखास हशा. मग गंभीर होऊन म्हणायचो, अडाणी बाई, पण तिला जे कळलं ते शिकलेल्यांना कळत नाही. यावर टाळ्या.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना सांगलीत नव्याने लागलेल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण होतं. तिथेही मी नक्कल केली. हशा झाला. एक मुलगी हसली नाही. भारती नाव तिचं, जतकडचीच. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली आणि कप हातात फिरवत म्हणाली, “सर, त्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या? तुम्ही करून दाखवलंत तसंच?”

मी म्हटलं, तसंच, बेड बेड.

“दुसरा शब्द बेड होता का ब्याड?”

मी म्हटलं, गावाकडचा उच्चार तो, ब्याड म्हणाली असेल, फरक काय पडतो?

ती अवघडली. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं. “सर, आमच्या कानडीत ब्याड म्हणजे नको. त्या म्हणाल्या, बेड नको.”

खोटं कशाला सांगू, मी आधी हसलो. माझ्याच गोष्टीला इतका चांगला शेवट मिळाला म्हणून हसलो.  मग मी तिला तो दुसरा शब्दही विचारला, यल्लैती. तिने विचारलं, त्याच्या आधी काय होतं? मी डोळे मिटून आठवलं. हुल्ल की काहीतरी.

“हुल्ल यल्लैती,” ती म्हणाली. “गवत कुठंय, असं विचारलं त्यांनी.”

दुपारच्या सत्रात माझं व्याख्यान होतं, विषय ‘शेतकऱ्याचं ऐकून घेणे’. मी डोकं दुखतंय असं सांगून एसटी स्टँडवर जाऊन बसलो.

शिवाप्पाला फोन केला. त्याला सगळं ठाऊक होतं. त्या दिवशी भजी घेऊन परतला तेव्हाच लोकांनी त्याला सांगितलं होतं. मी विचारलं, मग मला का बोलला नाहीस रे?  तो म्हणाला, “सर, तुमी लय खुशीत व्हता. आनि बसूला तर पायजेच व्हतं. मला वाटलं, म्हातारी परत येऊन भांडंल, तवा कळंलच.” आणि बाकीचे लोक? ते का गप्प बसले? “तुमीच आदी टाळ्या वाजवल्या न्हवं?”

बसूला मी दोष देत नाही. पोराला आईचं न ऐकण्याची मोकळीक असते, घराघरात ती वापरली जाते. मला मात्र पगार ऐकण्याचाच होता. माणसाला ‘हो’ परक्या भाषेतही म्हणता येतं, ‘नको’ मात्र स्वतःच्याच भाषेत बाहेर पडतं, एवढी साधी गोष्ट मला नोकरी संपताना कळली. ती कळल्यावर मी मागे वळून पाहायला लागलो. कुठे कुठे बायका पदराआड काहीतरी पुटपुटल्या होत्या, कुठे एखादा म्हातारा खाकरून गप्प झाला होता, कुठे लोकांनी ‘बघू की’ म्हटलं होतं आणि मी ते होकाराच्या रकान्यात टाकलं होतं. त्यातली किती ब्याड होती, कोण जाणे. मोजायला गेलो नाही. धीर झाला नाही.

मल्लव्वाकडे मात्र गेलो. निवृत्त झाल्यावर, संस्थेच्या गाडीने नाही, एसटीने. भारतीकडून चार शब्द कानडी शिकून घेतले होते. मुख्य शब्द ‘तप्पातु’, म्हणजे चूक झाली. आख्ख्या प्रवासात तो घोकत होतो. शेजारचा प्रवासी शेवटी सीट बदलून पुढे गेला.

बसू माल पोचवायला गेला होता. मल्लव्वा पक्क्या घराच्या मागे, तिथे तिने मुद्दाम ठेवलेल्या मातीच्या चुलीपाशी होती. थकली होती, पण मला ओळखलं. शेजारी एक मेंढी बांधलेली, म्हातारी. बेडांच्या मधल्या चरात थोडं गवत येतं, तेवढ्यावर एक जगते, असं सुनेने सांगितलं. घरात भिंतीवर ते जुनं कॅलेंडर अजून होतं. महिने फाटून गेलेले, वरचा फोटो शिल्लक.

मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “अव्वा, तप्पातु.”

तिला माझा उच्चार कळला नाही. सून हसली आणि तिने नीट करून सांगितला. मग मी मराठीत सगळं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात, मला हवा असं ऐकू आलं. इतकी वर्षं मी लोकांना उलटंच सांगत फिरलो.

ती चुलीत काटकी सारत राहिली. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “मालक मिरजेला दवाखान्यात व्हते. बेडवर. तितनं आले न्हाईत. तू आलास न् म्हनलास, अव्वा, तुला बेड देतो.” पुढे म्हणाली, “मी म्हनले, ब्याड. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मान्य झालं. म्हनून मी मेंढरं घेऊन निवांत गेले.”

टाळ्यांचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जे हात जोडणं आभार समजलो होतो, ते खरंच आभार होते. आपलं ऐकलं म्हणून मानलेले.

 बाग चांगली आली, बसूचं चांगलं झालं, हे तिनेच म्हणावं असं मला आतून वाटत होतं, म्हणजे मला सुटता आलं असतं. तिने ते म्हटलं नाही आणि बाग वाईट आहे असंही म्हटलं नाही. म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून ती नुसती बसली. मग उठून ताट घेतलं, गरम भाकरी वाढली, वर हिरवी चटणी आणि बागेतलंच एक डाळिंब फोडून ठेवलं. मी मुकाट्याने जेवलो. भाकरी संपता संपता तिने दुसरी तव्यावरून काढली. माझं पोट भरलं होतं. आपण काहीतरी शिकलोय हे दाखवायची ही एवढीच जागा, असं वाटून मी ताटावर हात आडवा धरला आणि अगदी स्पष्ट म्हणालो, “ब्याड, अव्वा. ब्याड.”

उच्चार या वेळी बरोबर होता. सूनही मान डोलावून म्हणाली, व्हय, बरोबर बोललासा.

मल्लव्वाने माझा हात बाजूला केला आणि भाकरी ताटात टाकली.

“मी म्हनले तवा कोनी ऐकलं?” ती म्हणाली. “खा आता.”